तिसऱ्या मजल्यावरची पाटी

१

बुधवारी सकाळी सव्वानऊला ड्रायव्हरकाकांचं दार दुसऱ्या किल्लीने उघडावं लागलं. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कुशीवर पडलेले होते आणि जेवणाच्या टेबलावरचं कापड त्यांनी अंगावर ओढून घेतलं होतं. माणूस पडल्या पडल्या गेला असता तर ते कापड त्याच्या अंगावर आलं नसतं, हे कळायला डॉक्टर लागत नाही. तरी डॉक्टर आले आणि त्यांनी तेच सांगितलं. शनिवारी संध्याकाळी पडले, खुब्याचं हाड मोडलं, उठता आलं नाही. जीव गेला तो सोमवारी पहाटे.

म्हणजे दीड दिवस. दीड दिवस तो माणूस गार फरशीवर पडून होता आणि आम्ही सगळे आपापल्या घरात पांघरुणं ओढून बसलो होतो. मला अजून नीट झोप लागत नाही.

डॉक्टरांनी हे तिघांनाच सांगितलं. वस्तीचे अध्यक्ष, ज्यांचं कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. काकांचा पुतण्या, जो शेजारच्या गावाहून दुपारच्या बसने धावत आला. आणि मी. "सध्या बाहेर बोलू नका," अध्यक्ष म्हणाले. "लोक आधीच घाबरलेत."

आता मी कोण, तर या वस्तीचं हिवाळी पत्रक मी काढते. चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे दुसऱ्याची चूक दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तोंडावर मला बहुतेक जण मावशी म्हणतात आणि पाठीमागे खोडरबर. मला माहीत आहे. दर शनिवारी एक पान निघतं. बर्फावर टाकायची वाळू कुठे ठेवली आहे, कोणता नळ गोठू नये म्हणून थेंब थेंब चालू ठेवायचा, बस कधी बंद, दवाखाना कधी उघडा, छपराखालून चालताना वर का बघायचं, असलं सगळं.

आणि पाटीची योजनाही माझीच. एकटं राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या खिडकीबाहेर, चौकटीवरच्या खिळ्याला एक पुठ्ठ्याची पाटी टांगलेली. एक बाजू लाल, एक पिवळी. रोज सकाळी नऊच्या आत ती फिरवायची. आज लाल तर उद्या पिवळी, सगळ्यांची एकसारखी. नऊ वाजता एक माणूस फेरी मारतो. ज्याची पाटी कालच्याच रंगावर, त्याचं दार वाजवायचं. काचांवर आतून बाष्प धरतं, काही दिसत नाही, म्हणून पाटी बाहेर ठेवली. केवढा अभिमान होता मला त्या योजनेचा!

फेरी मारतो तो आमचा पोस्टमन. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण दारोदार जायची सवय सुटली नाही. त्याच्या वहीत ड्रायव्हरकाकांच्या नावापुढे लिहिलेलं होतं: रविवार पिवळी, ठीक. सोमवार लाल, ठीक. मंगळवार पिवळी, ठीक.

पुतण्याने ती वही अध्यक्षांच्या काउंटरवर आपटली. डोळे लाल झाले होते पोराचे.

"माझा काका इथे रविवारी उठू शकत नव्हता. सोमवारी तर तो गेलाच होता. मग मंगळवारी मेलेल्या माणसाने बाहेर येऊन पाटी फिरवली का?"

२

येत्या रविवारी सकाळी अकराला वस्तीची सभा ठरली. पुतण्याने लेखी तक्रार दिली होती की पोस्टमनने फेरी मारलीच नाही, घरी बसून वही भरली. रविवार ते मंगळवार इतका बर्फ पडला होता की बससुद्धा बंद होती, त्यामुळे लोकांनाही ते पटत होतं. पायरीपायरीवर तीच कुजबुज. खापर फोडायला डोकं मिळालं की माणसं कशी हलकी होतात, ते मी त्या तीन दिवसांत पाहिलं.

गुरुवारी मी पोस्टमनच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं.

"मावशी, बरं झालं आलात. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत बाबा. मी बोलले तर हूं नाही की चूं नाही."

पोस्टमन खिडकीकडे पाठ करून बसला होता. बाहेर सकाळची फेरी आता कुणीच मारत नव्हतं आणि ते त्याला बघवत नव्हतं. फेरीचे बूट दाराशी होते, खाली वर्तमानपत्र अंथरलेलं.

"मला एकच सांग," मी म्हटलं. "गेला होतास का?"

"गेलो होतो, ताई. तिन्ही दिवस. रविवारी दुसऱ्या इमारतीच्या जिन्यात घसरलो, हे बघा कोपर." कोपर निळंजांभळं झालं होतं. "ड्रायव्हरच्या खिडकीसमोर उभा राहिलो. पिवळी होती. सोमवारी लाल होती. मंगळवारी पिवळी."

"मग बोल की तसं सगळ्यांसमोर!"

"बोललो. कोण ऐकतंय?" त्याने बाही पुन्हा कोपरावर ओढली. मग अगदी हळू म्हणाला, "ताई, आता मलाच खात्री राहिली नाही. रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर येतं. दिसली असं मला वाटलं असेल. सवयीने लिहिलं असेल. पस्तीस वर्षं पत्ते वाचले, एकदाही चुकीच्या दारात कागद टाकला नाही, पण म्हातारपण काय सांगून येतं?"

"गप्प बस."

"रविवारच्या सभेत सांगून टाकतो की मी गेलोच नव्हतो. त्या पोराच्या जिवाला तरी शांतता मिळेल."

माझा असा संताप झाला की काय सांगू! न केलेल्या चुकीवर सही करायला निघालेला माणूस माझ्यापुढे बसला होता, आणि तो हे चांगुलपणाने करत होता, हे आणखी वाईट. मी अध्यक्षांनी परत दिलेली त्याची वही उचलली, पिशवीत कोंबली आणि म्हटलं, "रविवारपर्यंत तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे."

तावातावाने रस्त्यावर आले खरी, पण तिथेच थांबले. तो खरं बोलत असेल, तर त्या पाटीला कुणाचा तरी हात लागला होता. तीन वेळा.

३

घरी येऊन मी वही उघडली. वाचता वाचता एका जागी अडकले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग टोपी घालून तशीच अध्यक्षांच्या दुकानात गेले.

अध्यक्ष खोकल्याच्या बाटल्या लावत होते. मी एक पाटी बरोबर नेली होती, ती काउंटरवर ठेवली.

"बुधवारी दार उघडलं तेव्हा तुम्ही हजर होतात. पाटी कोणत्या रंगावर होती?"

"पिवळी. बाकी सगळ्या लाल होत्या, ही एकटी पिवळी. म्हणून तर पोस्टमन मला बोलवायला आला. पंचनाम्यातही लिहिलंय."

"आणि शनिवारी कोणता रंग होता?"

त्यांनी बोटं मोजली. "लाल."

"शनिवारी सकाळी पत्रक द्यायला मी स्वतः गेले होते, ड्रायव्हरकाकांची लालच होती. आता बघा." मी पाटी लाल बाजूने त्यांच्यासमोर धरली. "संध्याकाळी काका पडले. त्यानंतर ही पाटी कुणीच हलवली नाही, असं धरू. रविवारी काय दिसेल? लाल. सोमवारी? लाल. मंगळवारी लाल. आणि बुधवारी?"

"लालच," अध्यक्ष म्हणाले आणि थांबले.

"बुधवारी सगळ्यांचीच लाल होती. काकांचीही लाल असती, तर पोस्टमनला काही वावगं दिसलंच नसतं. तो पुढे गेला असता. पण ती पिवळी होती, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. शनिवारनंतर कुणीतरी तिला हात लावल्याशिवाय ती पिवळी होणार नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "पोस्टमननेच फिरवली असेल तर? घरी बसून वही भरली, मग भीती वाटली..."

"भीती वाटलेला माणूस पाटी बरोबर करून ठेवेल, की चुकीची करून तुम्हाला बोलवायला येईल?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. पोस्टमनचा आणि त्यांचा तीस वर्षांचा पत्त्यांचा डाव, तरी त्यांनी त्याची बाजू घेतली नव्हती. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून मीही टोमणा गिळला.

"मग कुणी?" त्यांनी विचारलं.

तिसऱ्या मजल्यावर सज्जाला लागून तीन दारं आहेत. एक ड्रायव्हरकाकांचं. एक हिवाळाभर बंद, ती मंडळी लेकीकडे गेलेली. एक शिवणताईचं, काकांच्या भिंतीला भिंत; ती घरी कपडे शिवते. पुतण्या तर रविवार ते मंगळवार गावात येऊच शकत नव्हता, बस बंद होती. ते मीच पत्रकात छापलं होतं. राहता राहिला बॉयलरवाला. तो रोज आठ वाजता सज्जावरचा बर्फ काढतो आणि त्याच्याकडे सगळ्या घरांच्या दुसऱ्या किल्ल्या असतात.

"मावशी," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले, "शनिवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरची घरं गरम ठेवणारा पाण्याचा पाइप थंड पडला होता. बॉयलरवाल्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला आजच कळलं."

४

तळघरात बॉयलरच्या पुढ्यात एवढी धग होती की माझा चष्मा धुरकटला. बॉयलरवाला हातोडीने कसलासा पाइप ठोकत होता. मला बघून आणखी जोरात ठोकू लागला.

"पुरे झाली ती ठोकाठोक. मी बहिरी नाही आणि तूही नाहीस. शनिवारी तिसऱ्या मजल्यावर काय झालं?"

हातोडी खाली आली. "दोन तास, मावशी. दोनच तास बंद होतं. हवा अडकली होती पाइपात. पाच वाजता सुरू केलं. आईशप्पथ. पण आता ड्रायव्हरकाका गेल्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून तोंडाला कुलूप लावलं."

"पाचनंतर गरम होतं?"

"शिवणताईंना विचारा. त्याच पाइपावर त्यांचंही घर आहे."

ते खरं असणार, कारण शिवणताई गारठली असती तर तिने अख्खी इमारत डोक्यावर घेतली असती. मी उलट्या बादलीवर बसले. गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

"बर्फ तू आठ वाजता काढतोस. रविवारी तिथे आधीच कुणी चाललं होतं का?"

तो डोकं खाजवू लागला. "हो की."

"काय हो की?"

"पावलं होती. शिवणताईंच्या दारापासून काकांच्या घरापर्यंत आणि परत. तिन्ही दिवस. पण त्यात काय? ती तर रोजचीच असतात. हिवाळा सुरू झाल्यापासून बघतोय. सकाळी बर्फ पडलेला असला की तेवढी एकच रांग असते."

मला उत्तर मिळालं असं वाटलं. तरी नीट विचारायला हवं होतं. आयुष्यभर मी अर्धं वाचून कधी पान पुढे सरकवलं नाही.

"काकांच्या दारापर्यंत?"

"दारापर्यंत नाही." तो आता माझ्याकडे बघायला लागला होता. बॉयलरचा लालसर उजेड त्याच्या गालावर पडला होता. "खिडकीपर्यंत. दाराशी कधी नसायचीच. तेव्हा लक्षात नाही आलं माझ्या."

कुणी माणसाला भेटायला येतं, तर दाराशी येतं. खिडकीशी येणारा पाटीसाठी येतो.

"आणि बुधवारी?"

"बुधवारी नव्हती, मावशी. बुधवारी काकांच्या बाजूचा सज्जा कोरा होता."

५

शिवणताईचं घर म्हणजे एक खोली आणि कपड्यांचे ढीग. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणजे पंचावन्न-छप्पन्नची. बुधवारी सकाळी ती आठलाच कपडे पोचवायला बाहेर पडली होती आणि परत आली तेव्हा काकांना नेलंही होतं. तेव्हापासून ती कुणाशी बोलली नव्हती.

मशीनवर एक कोट होता, त्याला तिने आतून अस्तर लावायला घेतलं होतं. मोठ्या मापाचा, खांद्याला रुंद. कुणाचा ते विचारायची गरज नव्हती.

"बस ना ताई. चहा टाकते."

"नको. अगं, एक विचारायला आले होते."

"विचार."

आणि मला विचारताच येईना. मी, जिने मालकाच्या तोंडावर त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेतल्या सतरा चुका काढल्या होत्या! मी इकडेतिकडे बघत बसले. मशीनच्या वर भिंतीला एक कागद टाचणीने लावलेला होता. माझंच पत्रक, दोन महिन्यांपूर्वीचं. त्यातल्या एका ओळीखाली तिने खडूने रेघ मारली होती.

'ज्यांची पाटी तीन वेळा फिरवलेली आढळणार नाही, त्यांना उर्वरित हिवाळ्यासाठी वृद्धांच्या निवासगृहात हलवण्यात येईल.'

"दोन वेळा झालं होतं," शिवणताई माझी नजर बघून म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. जन्मभर पहाटे चारला उठून बस काढली त्यांनी. निवृत्त झाल्यावर शपथच घेतली, दहाच्या आत डोळे उघडणार नाही. नऊला पाटी फिरवायला कोण उठतंय! अजून एकदा चुकले असते की घेऊन गेले असते त्यांना. मी सहाला उठतेच. माझी फिरवायची आणि चार पावलं पुढे जाऊन त्यांची. त्यांनाही नव्हतं सांगितलं. सांगितलं असतं तर भांडले असते."

मी त्या ओळीकडे बघत होते. पालिकेच्या कार्यालयातून जे पत्र आलं होतं, त्यात 'विचार करता येईल' असं होतं. एवढंच. मला ते पुचाट वाटलं. लोक शिस्तीने पाटी फिरवणार नाहीत असं वाटलं. म्हणून मी ते कडक केलं. कुणाला न विचारता, पेन्सिलीच्या दोन फटकाऱ्यांत.

"शनिवारी काय झालं?" मी कसंबसं विचारलं.

तिने कोट मांडीवर घेतला. "भांडण. संध्याकाळी दारात उभं राहून म्हणाले, पुतण्या मागे लागलाय, जातो त्याच्याकडे मार्चपर्यंत. ताई, दोन महिने मी गारठ्यात चपला घालून बाहेर जात होते, कशासाठी? हा इथे राहावा म्हणून. आणि हा सरळ म्हणतो, जातो. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जा, मला काय! आणि दार लावून घेतलं."

ती 'ते' वरून 'तो' वर कधी आली, तिचं तिलाही कळलं नाही.

"रविवारी बाहेर नाही आले. म्हटलं, रुसलेत. सोमवारी नाही. मंगळवारी नाही. मीही कमी नाही. हाक नाही मारली. पण पाटी मात्र फिरवत होते. राग त्यांच्यावर होता, पाटीवर नव्हता ना. बुधवारी मात्र म्हटलं, आता पुरे. आज नाहीच फिरवत. पोस्टमन दार वाजवेल, झोपमोड होईल, चिडून बाहेर येतील, आणि मग..." कोटाचं अस्तर दोन्ही मुठींत धरून ती रडायला लागली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोस्टमनला सोडवायला निघाले होते आणि कुठे येऊन पोचले होते!

"पोस्टमनवर आळ आलाय, माहीत आहे मला," डोळे पुसून ती म्हणाली. "सभेत मी स्वतः सांगते. तू सांगू नकोस. फक्त मला एक सांग, ताई. पडले, आणि लगेच गेले ना? त्रास नाही ना झाला?"

मी म्हटलं, "मला उशीर होतोय, नंतर येते." आणि जिना उतरले. अशी पळपुटी मी जन्मात कधी वागले नव्हते.

६

रविवारी अकराला वाचनालयाच्या खालच्या दालनात सभा भरली. हिवाळ्यात तिथे शेगडी पेटलेली असते, म्हणून एरवीही म्हातारी माणसं तिथेच बसतात. त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. पोस्टमन सगळ्यात मागे बसला होता, सुनेने जबरदस्तीने घातलेला स्वच्छ शर्ट अंगात. पुतण्या पुढच्या रांगेत. हातात घडी केलेला डॉक्टरांचा कागद.

मी त्या कागदावरून नजर काढू शकत नव्हते. तो वाचून दाखवणार होता. काका सोमवारपर्यंत होता, रविवारी कुणी दार वाजवलं असतं तर वाचला असता, हे तो सगळ्यांसमोर म्हणणार होता. त्याला तरी काय माहीत, की ते कुणाच्या काळजावर पडणार आहे.

अध्यक्षांनी सुरुवात करायच्या आतच शिवणताई उभी राहिली.

"पाटी मी फिरवत होते," ती म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. सहाचं उठणं, चार पावलं, भांडण, तिन्ही दिवस, बुधवार. न रडता सांगितलं. शेवटी मागे वळून म्हणाली, "पोस्टमनदादा, तुम्हाला जे दिसलं ते बरोबर दिसलं. मला माफ करा."

पोस्टमनने दोन्ही हात तोंडावर घेतले. त्याची सून शेजारी होती, तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. सासऱ्याचं डोकं, भर सभेत.

मग मी उभी राहिले आणि त्या ओळीबद्दल सांगितलं. कार्यालयाने काय लिहिलं होतं आणि मी काय छापलं. कारण ती पाटी तिने फिरवली खरी, पण तिला तिथपर्यंत मीच ढकललं होतं. यापुढे पाटी फिरलेली असो वा नसो, रोज दार वाजवून माणसाचा आवाज ऐकायचा, आणि कुणालाही कुठेही हलवलं जाणार नाही, हेही सांगितलं. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला मिळायलाच हवी होती.

शिवणताई खाली बसली नव्हती. ती पुतण्याकडे बघत होती.

"बाळा, तुझ्या हातात डॉक्टरांचा कागद आहे. ताई मला सांगत नाहीत. तू सांग. तो कधी गेला?"

अध्यक्षांनी मान खाली घातली. मी खुर्चीची कड घट्ट धरली. पुतण्या उठला. चार दिवस ज्याच्यावर दात धरायचा तो माणूस शोधत होता हा पोरगा, आणि तो माणूस आता त्याच्यासमोर स्वेटरची बटणं चुकीची लावून उभा होता. त्याने कागदाची आणखी एक घडी घातली. आणखी एक. मग तो खिशात टाकला.

"लगेच गेला, काकू," तो म्हणाला. "पडला तेव्हाच. शनिवारीच. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

मी श्वास सोडला. अध्यक्षांनीही सोडला, मला ऐकू आला. त्या क्षणी त्या पोराला मी जवळ घेतलं असतं.

शिवणताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पुढे होऊन त्याच्या गालावर हात ठेवला.

"तुझ्या काकालाही खोटं बोलता येत नव्हतं," ती म्हणाली. "आमचं भांडण झालं ना, की दुसऱ्या दिवशी तो भिंत वाजवायचा. तोंडाने सॉरी म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. स्वयंपाकघराकडची मधली भिंत वाजवायचा, म्हणजे मी चहा टाकायचा. रविवारी दुपारी वाजली होती. तीनदा. मला वाटलं, समजूत घालतोय. म्हटलं, वाजव, मी नाही उठणार एवढ्यात."

पुतण्याचं तोंड उघडं राहिलं. मग तो तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडायला लागला आणि ती त्याची पाठ थोपटत म्हणत राहिली, "असू दे. असू दे, बाळा."

सभा तिथेच संपली. घरी जायला मात्र बराच वेळ कुणी उठलं नाही.